डायबेटिस, बीपी आणि केरळातलं सात दिवसांचं पंचकर्म: न्यू जर्सीच्या ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एक ताई, वय ५४, गुडघे दुखतात, डायबेटिस नऊ वर्षांपासून, गोळ्या मेटफॉर्मिन आणि जार्डियन्स, बीपीसाठी लोसार्टन आणि पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी एकत्र असलेली. मिस्टर पण सोबत येणार, वय ६१, हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवायची एलिक्विस चालू. डिसेंबरच्या सुट्टीत तीन आठवडे भारतात, आधी पुण्यात भाचीचं लग्न, मग केरळात एका रिसॉर्टमध्ये सात दिवसांचं ‘संपूर्ण शुद्धी’ पॅकेज ज्यात विरेचन, म्हणजे औषध देऊन जुलाब करवणं, पण आहे, आणि ते संपलं की दुसऱ्याच दिवशी मुंबईहून नेवार्कची फ्लाइट. पाणी, डास, लसी, इन्शुरन्स काय काय बघू, असं विचारलंय.

ताई, मी पुण्यात २६ वर्षं पंचकर्म करते आणि दर डिसेंबरला माझ्याकडे अमेरिका, दुबई, लंडनहून आलेली आपली माणसं असतात, त्यामुळे तुमचा प्लॅन मला अगदी ओळखीचा वाटला. पाणी-डासांचं सांगते, पण ते नंतर. आधी तुम्ही जे विचारलंच नाहीये ते सांगते, कारण तुमच्या बाबतीत खरा धोका तिथे आहे, तो म्हणजे तुमच्या गोळ्या आणि ते विरेचन.

विरेचन म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या. आधी तीन ते पाच दिवस दीपन-पाचन, म्हणजे भूक आणि पचन सुधारायची औषधं, मग तीन ते सात दिवस रोज सकाळी वाढत्या मात्रेत औषधी तूप प्यायचं, मग तीन दिवस अभ्यंग आणि वाफ, मग एक दिवस प्रत्यक्ष विरेचन, आणि त्यानंतर तीन ते सात दिवस संसर्जन क्रम, म्हणजे आधी पेज, मग घट्ट भात, मग मुगाचं कढण असं करत करत रोजच्या जेवणावर यायचं. आता बेरीज करा. कमीत कमी धरलं तरी तेरा दिवस होतात आणि नीट केलं तर वीसच्या पुढे जातं. सात दिवसांत हे बसतच नाही. मग सात दिवसांच्या पॅकेजवाले काय करतात, तर तूप एखाद दिवस देतात किंवा देतच नाहीत, दोन दिवस मसाज करतात आणि पाचव्या दिवशी जोरदार जुलाबाचं औषध देतात. त्याला विरेचन म्हणत नाहीत, तो नुसता जुलाब झाला. आणि नुसत्या जुलाबासाठी कोणी पंधरा-सोळा तास विमानात बसून येऊ नये.

दुसरं, डिसेंबर हा विरेचनाचा ऋतूच नाहीये. शास्त्रात त्याला शरद सांगितलाय, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या आसपास, वमनाला, म्हणजे औषधाने उलटी करवण्याला, वसंत आणि बस्तीला, म्हणजे औषधी एनिमाला, पावसाळा. केरळात म्हणूनच पावसाळ्यातल्या कर्किडकम महिन्यात, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तिथले लोक स्वतः चिकित्सा करून घेतात. डिसेंबर-जानेवारीत गर्दी असते ती सुट्टीवर आलेल्यांची.

आता गोळ्या. जार्डियन्स आणि त्याच जातीची फार्सिगा ह्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. रोजचं जेवण चालू असताना हे ठीक असतं. पण ज्या दिवशी तुम्ही पेजेवर आहात, वरून दहा-वीस जुलाब झालेत आणि अंगातलं पाणी गेलंय, त्या दिवशी पण गोळी साखर बाहेर काढतच राहते, मग शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन वाढतात आणि रक्त आम्लीय होतं. ह्याला कीटोॲसिडोसिस म्हणतात आणि तो जीवावर बेतू शकतो. ह्यातली फसवी गोष्ट अशी की साखर मोजली तर ती १७०-१८० एवढीच दिसू शकते, त्यामुळे कोणाला संशयच येत नाही. ह्याच कारणासाठी अमेरिकेत ऑपरेशनच्या आधी जार्डियन्स किमान तीन दिवस बंद ठेवायला सांगतात, तुमच्या डॉक्टरांना विचारा, ते लगेच सांगतील. पण तुम्ही जुलाब घेणार आहात हे त्यांना माहीतच नसेल तर ते काय सांगणार?

आणि ह्या त्रासाची लक्षणं काय, तर मळमळ, उलटी, पोटात दुखणं, प्रचंड थकवा, धाप. आता हीच लक्षणं तुम्ही रिसॉर्टमध्ये सांगितलीत तर समोरची मुलगी प्रेमाने म्हणेल, मॅडम काळजी नको, दोष बाहेर पडतायत, शुद्धी होतेय. ती खोटं बोलत नसते, तिला तसंच शिकवलेलं असतं. पण मला ह्या वाक्याची फार भीती वाटते. पंचकर्मात थोडा थकवा येतो, भूक मंदावते, हे मान्य, पण उलट्या थांबत नाहीत, चक्कर येऊन पडायला होतंय, लघवी होत नाहीये, ताप आलाय, धाप लागतेय, ह्यातलं काहीही शुद्धी नाहीये, त्याला आमच्याच ग्रंथांत व्यापद म्हटलंय, म्हणजे कॉम्प्लिकेशन, आणि त्याची ट्रीटमेंट करायची असते, कौतुक नाही.

माझ्या स्वतःच्या हातून सुरुवातीच्या काळात एक चूक झालीय ती सांगते. ह्यूस्टनहून आलेले एक काका होते, तब्येतीने धडधाकट, बीपीची गोळी सांगितली होती पण त्यात पाण्याचं औषध मिसळलेलंय हे त्यांना माहीत नव्हतं आणि मी डबी बघायला मागितली नाही. विरेचन छान झालं, वेग (किती जुलाब झाले ते) मोजले, सगळं प्रमाणात. रात्री अडीचला बाथरूमला उठले आणि कोसळले. सोडियम खाली गेलं होतं, दोन दिवस हॉस्पिटलमध्ये सलाईनवर होते. बरे झाले, पण त्यांच्या बायकोचा त्या रात्रीचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे, गोळ्यांची यादी चालत नाही, सगळ्या बाटल्या पिशवीत घालून टेबलावर आणायच्या, व्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, अश्वगंधाच्या कॅप्सूल, झोपेची गोळी, सगळं.

तुम्ही पण तेच करा. निघायच्या महिनाभर आधी तुमच्या तिकडच्या डॉक्टरांना भेटा आणि त्यांना ‘आयुर्वेदिक मसाज’ असं मोघम सांगू नका, सरळ सांगा की एक दिवस जुलाब, काही दिवस कमी खाणं, रोज वाफ असं असू शकतं, तर कुठली गोळी कधी थांबवायची आणि कधी परत सुरू करायची हे मला लिहून द्या. क्रिएटिनीन (किडनीची तपासणी), सोडियम-पोटॅशियम आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ताजं करून घ्या. रक्तातले कीटोन मोजायचं छोटं मशीन तिकडे फार्मसीत मिळतं, ते घेऊन या. आणि केरळातला कोणीही, कितीही मोठा वैद्य असो, तुमची डायबेटिसची किंवा बीपीची गोळी ‘आता ह्याची गरज नाही’ म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायला सांगत असेल तर त्या ठिकाणी थांबू नका. मी वैद्य असून हे सांगतेय.

मिस्टरांचं वेगळं. एलिक्विस चालू आहे म्हणजे जळू लावणं किंवा सिरावेध, म्हणजे शिरेतून रक्त काढणं, नाही म्हणजे नाही. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतंच, त्यावर ही गोळी, मग रक्त थांबणं अवघड होतं. कोणी म्हटलं की दोन दिवस गोळी बंद ठेवा आणि लावून घ्या, तर ते तर अजिबातच नको, त्या दोन दिवसांत रक्ताची गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो. मसाज हलका घ्यायचा, पायाने तुडवून करतात तो प्रकार नको, मान मोडणं नको. अंगावर मोठे काळेनिळे डाग दिसले, शौच काळी झाली किंवा डोक्याला मार लागला तर लगेच हॉस्पिटल.

मग तुम्ही सात दिवसांत काय करावं? गुडघ्यांसाठी येताय ना, मग विरेचन पॅकेजमधून काढून टाका आणि रोज अभ्यंग, हलका शेक, जानुबस्ती (गुडघ्यावर पिठाचं कडं करून त्यात कोमट तेल धरणं), आणि तिथल्या वैद्यांनी नीट तपासून ठरवलं तर आठ बस्तींचा योगबस्ती क्रम, तोही एक दिवस वाढवला तरच पूर्ण बसतो. गुडघ्याच्या वाताला बस्तीचा उपयोग जास्त होतो, हे माझं मत माझ्या पेशंटवरून बनलंय. बस्तीसाठी नळी दर माणसाला नवीन, डिस्पोजेबल हवी, ती तुमच्यासमोर पाकिटातून काढायला सांगा, ह्यात लाजायचं काही नाही.

शेकाबद्दल मात्र एक गोष्ट मनावर घ्या. नऊ वर्षांचा डायबेटिस म्हणजे पायांची संवेदना थोडी कमी झालेली असू शकते आणि तुम्हाला ते कळलेलं पण नसेल. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, दुसरीकडे कुठेतरी पिंडस्वेद, म्हणजे गरम पोटलीचा शेक, घेऊन, टाचेला मोठा फोड, आणि त्यांना तो दोन दिवसांनी मोजा काढताना दिसला. गरम पोटली लागली होती पण कळलंच नव्हतं. तो फोड भरायला चार महिने गेले. म्हणून येण्याआधी पायाची संवेदना तपासून घ्या, तिकडे पोडायट्रिस्ट, म्हणजे पायांचे डॉक्टर, करतात ते, आणि थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा की तेल आणि पोटली आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघ आणि मग मला लाव. रोज रात्री दोन्ही तळवे आरशात बघायचे. आणि तेल लावलेल्या पायांनी फरशीवर चालायचं नाही, माझ्या इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त अपघात कशाने बघितले असतील तर घसरून पडल्याने. टेबलावरून उतरताना हात धरायला माणूस आणि खाली रबरी मॅट, नसेल तर मागा.

आता जागा बरोबर आहे का हे कसं ओळखायचं. फोटोंवरून नाही. बुकिंग करताना त्यांनी तुम्हाला काय विचारलं ते आठवा. व्हेज की नॉनव्हेज, रूम सी-फेसिंग हवी का, एवढंच विचारलं असेल तर ते हॉटेल आहे. ज्या ठिकाणी पैसे घ्यायच्या आधी वैद्य स्वतः फोनवर येतो, आजार विचारतो, रिपोर्ट मागतो आणि वेळप्रसंगी तुम्हाला हे सूट होणार नाही म्हणतो, ते ठिकाण चांगलं. केरळ टुरिझम आयुर्वेद सेंटरना दर्जे देतं, पूर्वी ग्रीन लीफ आणि ऑलिव्ह लीफ असे होते, आता आयुर डायमंड, गोल्ड, सिल्व्हर असे आहेत, आणि हॉस्पिटल असेल तर एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं, सर्टिफिकेट असतं, ते विचारा. वैद्याची डिग्री बीएएमएस किंवा त्यापुढे एमडी, आणि रजिस्ट्रेशन नंबर, हे मागितलं की चांगला माणूस आनंदाने देतो. बाईला बाई थेरपिस्ट आणि पुरुषाला पुरुष ही केरळातली पद्धत आहे, ती पाळत नसतील तर उठून या. रिसॉर्ट आणि वैद्यशाळा ह्यात पण फरक करा, कोट्टक्कलची आर्य वैद्यशाळा १९०२ सालापासून चालू आहे, तसल्या ठिकाणी स्विमिंग पूल आणि समुद्राचा व्ह्यू मिळत नाही पण रात्री डॉक्टर असतो. आणि एक प्रश्न ईमेलवरच विचारा म्हणजे उत्तर लेखी राहील, की रात्री दोन वाजता मला काही झालं तर आयसीयू असलेलं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे आणि गाडी कोणाची. बॅकवॉटरमधल्या बेटावर किंवा मुन्नारच्या वर डोंगरात असाल तर ह्या उत्तराला फार महत्त्व आहे. ॲम्ब्युलन्सचा नंबर १०८, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

औषधं. निघताना तिथे मोठी पिशवी भरून देतात, तीन महिन्यांचं औषध. इथे मला माझ्याच क्षेत्राबद्दल स्पष्ट बोलायचंय. २००८ मध्ये अमेरिकेतल्या जामा ह्या मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली तर साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, आणि त्यात अमेरिकेत बनलेली औषधं पण होती. रसशास्त्रातल्या, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेल्या, बऱ्याच औषधांत पारा मुद्दाम घातलेलाच असतो, आरोग्यवर्धिनीत कज्जली असते म्हणजे पारा-गंधक, महायोगराज गुग्गुळात नागभस्म म्हणजे शिसं असतं, साध्या योगराजमध्ये नसतं. मी रसौषधी वापरते, पण पेशंट माझ्या डोळ्यासमोर असेल, रक्त तपासता येत असेल तेव्हाच. परदेशी परत जाणाऱ्या माणसाला मी ती देत नाही, कारण तिकडे त्रास झाला तर बघणार कोण? तुम्ही पण नावात रस, भस्म, सिंदूर, पर्पटी असेल तर नम्रपणे नाही म्हणा. कागदाच्या पुडीतलं, लेबल नसलेलं चूर्ण घेऊ नका. डबीवर घटक, बॅच नंबर, लायसन्स नंबर, एक्स्पायरी हवी. गुळवेलीने पण काही लोकांच्या लिव्हरला सूज आल्याच्या केसेस २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी मांडल्या होत्या, त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वाद झाला, पण माझं म्हणणं एवढंच की काढा घेताना लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसले तर वादाचा निकाल लागायची वाट बघू नका, काढा बंद करून लिव्हरची टेस्ट करा. आणि विजया घातलेली, म्हणजे भांगेची औषधं इथे कायदेशीर मिळतात, ती बॅगेत घालून विमानात बसू नका.

नेती. सकाळच्या योगाच्या क्लासमध्ये जलनेती, म्हणजे एका नाकपुडीतून पाणी घालून नाक धुणं, करायला लावतात. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये नाकातून मेंदूत जाणाऱ्या अमिबाच्या केसेस झाल्या, पेपरमध्ये खूप आलं होतं. तो अमिबा पाणी प्यायल्याने होत नाही, नाकात वर गेल्याने होतो. आणि हे फक्त इकडचं नाही, अमेरिकेत लुइझियानामध्ये २०११ साली नळाच्या पाण्याने नेती करणारे दोन जण ह्यानेच गेले. म्हणून नेतीचं पाणी उकळून गार केलेलं, तुमच्यासमोर उकळलेलं, नाहीतर करूच नका. रिसॉर्टच्या तळ्यात, विहिरीच्या टाकीत डोकं बुडवून पोहणं पण नको.

पिण्याचं पाणी, जेवण ह्यात तुम्ही म्हणाल की आम्ही तर इथेच वाढलो, आम्हाला काय होतंय. हे मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी असंच म्हणणारा एक तरी माणूस माझ्या ओळखीतल्या फिजिशियनकडे टायफॉइड घेऊन ॲडमिट होतो. वीस वर्षं बाहेर राहिल्यावर ती लहानपणची ताकद राहत नाही. आणि परदेशातून पाहुणा म्हणून आलेला गोरा माणूस बाटलीबंद पाणी पितो, आपण मात्र लग्नात मठ्ठा, बर्फाचा गोळा, कापलेली फळं सगळं खातो. टायफॉइडची लस आणि हिपॅटायटिस एची लस किमान दोन-तीन आठवडे आधी घ्या, फ्लूची पण. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेल लावून झाल्यावर गरम पाण्याने आंघोळ केली की रिपेलंट परत लावावं लागतं हे लोक विसरतात. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन-ॲस्पिरिन नाही, मिस्टरांना तर मुळीच नाही. सकाळी फिरायला जाताना कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडा आला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन, परत गेल्यावर बघू असं नाही.

इन्शुरन्सवाले साधारणपणे ठरवून केलेल्या ट्रीटमेंटचे पैसे देत नाहीत, पण त्यातून कॉम्प्लिकेशन झालं तर देता का, हा प्रश्न त्यांना लेखी विचारून ठेवा. व्हिसा तुमचा ओसीआयमुळे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांच्या कार्डामुळे, सुटलेला असेल, मिस्टरांकडे ओसीआय नसेल तर २०२३ पासून आयुर्वेदासारख्या उपचारांसाठी वेगळा आयुष व्हिसा आहे, तो बघा.

आणि फ्लाइट. चिकित्सा संपल्यावर दुसऱ्या दिवशी पंधरा-सोळा तास एका जागी बसायचं हे मला अजिबात पटलेलं नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं, पाय खाली लटकलेले, पायात गुठळी व्हायला हे पुरेसं आहे. मधे चार-पाच दिवस पुण्यात आईकडे राहा, वरण-भात, तूप, मऊ जेवण, लवकर झोप, ती चार दिवसांची विश्रांती हा चिकित्सेचाच भाग आहे. विमानात दर तासा-दीड तासाने उठून चाला, पोटरीपर्यंतचे कॉम्प्रेशन मोजे घाला, पाणी प्या. मिस्टरांची एलिक्विस एकही डोस न चुकता, आणि सगळ्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ बाटल्यांमध्ये, प्रिस्क्रिप्शनसकट. निघताना वैद्यांकडून काय काय दिलं त्याचा कागद घ्या, औषधांच्या नावांसकट, इंग्रजीत, आणि परत गेल्यावर महिन्याभरात कधीही ताप आला तर तिकडच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी भारतात जाऊन आलेय.

लग्नाची तारीख तर हलणार नाही. मग एक तर रिटर्न फ्लाइट आठवडाभर पुढे ढकलता येते का बघा, नाहीतर केरळ पाच दिवसांचं करून बस्ती वगळा आणि उरलेले दिवस आईकडे काढा. रिसॉर्टला आजच ईमेल करा की विरेचन आम्हाला नकोय, आणि ते काय उत्तर देतात ते मला इथे कळवा, सोबत तुमचं क्रिएटिनीन किती आहे ते पण लिहा, मग बस्तीचं नक्की काय करायचं ते सांगते.